फडक्यात बांधलेला हात

पत्रकाच्या तळाशी छापखान्याचं नाव असतं, कारण तसा कायदा आहे. वर पत्रक काढणाऱ्याचं नाव असतं, कारण तशी त्याची हौस असते. मधला मजकूर ज्याने लिहिला त्याचं नाव कुठेच नसतं. धुळ्यात, आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत, मोतीशेठच्या छापखान्यात मी बरीच वर्षं तो मधला माणूस होतो.

लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापखाना आपली आपण छापतो. त्यांना लिहिणारा लागत नाही. लिहिणारा लागतो तो भांडणाला. जाहीर आवाहन, जाहीर निषेध, जाहीर खुलासा, जाहीर नोटीस. ज्याला भांडायचं असतं त्याच्याकडे राग पुरेसा असतो, पण वाक्य नसतं. तो बाकावर बसून अर्धा तास बोलतो. त्यातलं आपण काय उचलायचं आणि काय तिथेच सोडून द्यायचं, हा आमचा धंदा. पत्रक माणूस उभ्याने वाचतो, बहुतेक वेळा चालता चालता. पहिल्या ओळीने त्याचा पाय थांबला पाहिजे. दुसऱ्या ओळीत कोणी काय केलं ते कळलं पाहिजे आणि तिसऱ्या ओळीत त्याने आता काय करायचं ते. पुढचं कोणी वाचत नाही. पुढच्यात भजी बांधतात.

मला हे कोणी शिकवलं नाही. माझे वडील गिरणीत होते आणि आमच्या घरात पुस्तक म्हणून एकही नव्हतं. फाटकावरच्या सभेतून वडील पत्रकं आणायचे आणि आई ती फळीवर डब्यांखाली अंथरायची. मी अक्षरं ओळखायला शिकलो ती त्या फळीवर. माझं पहिलं वाचलेलं वाक्य ‘कामगार बंधूंनो’ हे आहे. त्यामुळे छापलेलं म्हणजे खरं आणि खरं म्हणजे कोणाच्या तरी बाजूचं, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. ती अजून पूर्ण गेलेली नाही.

मोतीशेठ मारवाडी जैन. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन सरकीचा धंदा केला, वडिलांनी कापडाचा, आणि यांनी हट्टाने छापखाना काढला. माझ्या रागाचं त्यांना कौतुक होतं आणि भीतीही होती. ते म्हणायचे, “सत्य गिऱ्हाईकाचं असतं भाऊ, शाई आपली. तू शाई सांभाळ.” मी ऐकायचो नाही. जे खोटं आहे असं मला ठाऊक आहे ते मी लिहिणार नाही, असं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यावर त्यांनी विचारलं होतं, मग जे ठाऊक नाही त्याचं काय करणार? मी म्हणालो, ते शोधून काढीन. ते हसले.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. जामनेरचा एक उमेदवार स्वतःच्याच बदनामीचं पत्रक काढून घ्यायला आला होता, म्हणजे लोकांना त्याची दया येईल. असोद्याचे दोन सख्खे भाऊ केळीच्या एका बागेवरून एकमेकांविरुद्ध जाहीर नोटीस द्यायला एकाच दिवशी आले, एकाच बाकावर बसले, आणि आधी कोणाचा मजकूर घ्यायचा यावरून भांडण न करता धाकट्याने थोरल्याला पुढे केलं. अशा गोष्टी सांगून मी मित्रांना पुष्कळ हसवलं आहे. पण मला जे सांगायचं आहे त्यात हसण्यासारखं काही नाही. त्यातली माणसांची आणि गावांची नावं मी बदलली आहेत.

सातपुड्याच्या पायथ्याशी बोरखेडी म्हणून गाव धरा. गावात पाटलांची वस्ती, कडेला भिल्लांचे पाडे, आणि गावामागून वर जाणारा घाट. पूर्वी हा घाट म्हणजे हद्द होती. अलीकडे इंग्रजांचा मुलूख, पलीकडे संस्थानिकाचा. आग्र्याकडे जाणाऱ्या गाड्यांची राखण करायला इंग्रजांनी भिल्ल नाईक नेमले होते, त्यातले एक जालम नाईक. पुढे त्यांचं आणि इंग्रजांचं फाटलं. सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांनी ठाणी लुटली, खजिना अडवला, आणि त्यांच्या शिरावर इनाम लागलं. शेवटी पलटण मागे लागली तेव्हा ते आपल्या माणसांना घेऊन घाटात वर चढले. इथपर्यंत कोणाचाच वाद नाही. वाद आहे तो पुढचा.

साठचं दशक संपत आलं तेव्हा तालुक्यात स्मारक समिती निघाली. अध्यक्ष अण्णासाहेब. ते बोरखेडीचे मोठे बागाईतदार, आणि तिथल्या पीक संरक्षण सोसायटीचेही तेच अध्यक्ष. समितीचे विद्वान म्हणजे देवरे गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. खरा अभ्यासू माणूस, हे मी आधीच सांगून ठेवतो. पायी फिरून त्यांनी सातपुड्यातलं थडगं न् थडगं पाहिलं होतं. घाटाच्या तोंडाशी पौषात जालम नाईकांची जत्रा भरते, तिथे शिळा उभी करायची, तिच्यावर प्रसंग कोरायचा आणि जत्रेच्या आधी गावोगाव पत्रक वाटायचं, असं ठरलं. पत्रकाचं काम आमच्याकडे आलं आणि मजकूर घ्यायला मी समितीच्या बैठकीला गेलो.

समितीत एकही भिल्ल नव्हता. चहा देणारा होता.

बैठकीत पाथरवटाने विचारलं, मी कोरू काय? आणि तिथून जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत संपलं नाही. अण्णासाहेबांना घोडा पाहिजे होता. पाथरवट म्हणाला, त्या घाटात शेळी बिचकते, घोडा कुठून चढवू? एका वकिलाचं म्हणणं, नाईक समोरासमोर लढताना पडले, गोळी छातीत दाखवा. दुसऱ्याचं म्हणणं, गोळी पाठीत लागली, म्हणजे दगा. कोणी म्हणालं, तलवार मोडलेली दाखवावी. कोणी म्हणालं, भिल्लाच्या हातात तलवार कशी, तिरकमठा दाखवा. शंभर वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या अंगावर दहा जण बोटं ठेवून इथे लागली की तिथे लागली ते ठरवत होते. मी पेन्सिल हातात धरून बसलो होतो आणि एकही ओळ लिहिली नव्हती.

गुरुजी सगळ्यात शेवटी बोलले. इनाम कोणालाच मिळालं नाही, हे त्यांनी पक्कं केलं होतं. शिपायांना धड मिळालं, शीर मिळालं नाही. म्हणजे ते आपल्यातल्याच कोणी आधी नेलं. का नेलं? इनामासाठी. मग इनाम का घेतलं नाही? त्याची छाती झाली नाही. आणि तो कोण, हेही गुरुजींनी काढलं होतं. नाईकांच्या बहिणीचा नवरा, तेरसिंग. पुरावा काय, असं मी विचारलं. गुरुजी म्हणाले, “पुरावा दरवर्षी जत्रेत उभा असतो. तेरसिंगच्या घराण्यातला वडील माणूस त्या दिवशी उजवा हात फडक्यात बांधून येतो. त्या हाताने खात नाही, प्रसाद घेत नाही, कोणाला रामराम करत नाही. बाजूला उभा राहतो. हे जातीने दिलेलं प्रायश्चित्त आहे. मी चौदा जत्रांना डोळ्यांनी पाहिलंय.”

अण्णासाहेब पुढे सरसावून बसले. त्यांनी विचारलं, हल्ली त्या घरात कोण आहे? गुरुजी म्हणाले, एक म्हातारा, जेमा. अण्णासाहेब म्हणाले, “म्हणजे गुलाबचा आजा.”

गुलाबला मी ओळखत होतो. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेला, बारीक अंगाचा, हळू बोलणारा पोरगा. त्याचं पत्रकही मीच लिहिलं होतं. सोसायटीचे राखणदार बंदुका घेऊन शेतांच्या कडेने फिरायचे आणि संध्याकाळी वेचणी करून परतणाऱ्या बायांना बांधावर अडवून झडती घ्यायचे. ओच्यात कापूस लपवला म्हणायचे. ती झडती कशी असायची ते मी लिहिणार नाही. गुलाबने सगळ्या पाड्यांना एक केलं होतं. राखणदार जात नाहीत तोवर कापूस वेचायचा नाही. बोंडं फुटून पांढरी झाली होती आणि शेतात माणूस नव्हतं. मी लिहिलेली पहिली ओळ होती, ‘आमच्या आयाबहिणींच्या अंगाला हात लावणाऱ्याच्या शेताला आमचा हात लागणार नाही.’ माझ्या आयुष्यात मी लिहिलेली ती सगळ्यात चांगली ओळ आहे. ती वाचून दाखवायला प्रत्येक पाड्यावर एकच माणूस होता, गुलाब. तो उभा होता तोवर पाडे उभे होते.

तेव्हा अण्णासाहेबांना शिळेवर काय पाहिजे हे मला त्याच क्षणी कळलं. गुरुजींना कळलं नाही. ते आपल्या शोधात होते.

मी मोतीशेठला सांगितलं, हे मी लिहिणार नाही. ते म्हणाले, “नको लिहू. गुरुजी स्वतः लिहून देतील, जुळारी जुळवेल. तुझं तोंड स्वच्छ राहील, पत्रक तरी निघेलच.” आणि तसंच झालं. प्रूफ माझ्या टेबलावर आलं. शेवटचं वाक्य होतं की त्या फितुराचे वंशज आजही आपला पापी हात झाकून जत्रेस येतात. मी प्रूफ खिशात घातलं आणि बोरखेडीची एसटी पकडली.

गुलाबने ते दोनदा वाचलं. हात का बांधायचा, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याला सांगण्याआधीच त्याचा बाप वारला होता. आपल्या घरात बांधतात, एवढंच त्याला माहीत. आम्ही जेमा आबांकडे गेलो. म्हातारा झोपडीपुढे खाटेवर बसून दोरी वळत होता. गुलाबने त्याला मजकूर वाचून दाखवला, त्याच्या बोलीत सांगितला. त्याने वळणं थांबवलं नाही. मी विचारलं, आबा, हे खोटं असेल तर खरं काय ते सांगा. नाईक कसे मेले?

तो माझ्याकडे बघून म्हणाला, “जो मरनाच नही, तो कसा मरना हाई मी कसाले सांगू?”

मग गुलाब मला घाटाच्या वरच्या पाड्यावर घेऊन गेला. तिथे नाईकांच्या कुळातला गाणारा राहायचा. पितळी थाळीवर मेणाने एक काडी उभी चिकटवतात, तिच्यावरून ओली बोटं ओढली की थाळी घुमते, आणि त्या घुमण्यावर हे लोक कथा गातात. जालम नाईकांची कथा वर्षातून एकदा, जत्रा पांगली की कुळातल्या कुळात गातात. आम्हाला त्याने ती न गाता सांगितली, पण थाळी मांडीवर घेऊनच.

गाण्यात आहे ते असं. नाईकांच्या मांडीत गोळी लागली होती आणि त्यांना चालवत नव्हतं. माणसं पांगली होती. खडकाआड ते आणि तेरसिंग, दोघंच. खालून पलटण चढत होती. त्याआधी इंग्रजांनी दुसऱ्या एका नाईकाचं शीर काठीवर लावून गावोगाव फिरवलं होतं, आणि ते पाहिल्यावर पाड्यांमागून पाडे शरण गेले होते. नाईक तेरसिंगला म्हणाले, माझं तसं करू देऊ नको. तू आधी ने. कुठे ठेवलं ते कोणाला सांगू नको, तुझ्या पोरांनाही नको. कोणी विचारलं तर म्हण, तो डोंगरात आहे. तेरसिंग नाही म्हणाला. नाईकांनी बहिणीची शपथ घातली. मग तेरसिंगने उजवा हात उचलला.

इथे गाणाऱ्याने थाळीवर तळवा ठेवून तिचा आवाज बंद केला. गाण्यातही इथे थाळी बंद होते, असं त्याने सांगितलं, आणि पुन्हा सुरू होते ती शिपाई वर पोचतात तिथून. त्यांना जे पाहिजे होतं ते मिळत नाही. एकही पाडा शरण जात नाही. कितीतरी वर्षं साहेब लोक त्या घाटातून बंदोबस्ताशिवाय जात नाहीत. तेरसिंगच्या घरातला वडील माणूस तो हात वर्षातून एक दिवस बांधून आणतो, कारण त्या दिवशी तो हात नाईकांचा असतो. बाकीच्यांनी त्याला बाजूला उभं केलेलं नाही. तोच मानाने बाजूला उभा राहतो.

मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, झालं. अण्णासाहेब, गुरुजी, शिळा, सगळं एका पत्रकात उलथं करता येईल. गाणाऱ्याला मी म्हणालो, हे तुम्ही जत्रेत सगळ्यांपुढे सांगा. त्याने गुलाबकडे, म्हणजे तेरसिंगच्या घराकडे, बोट दाखवलं. “आमी गातस ते गानं शे. यास्नी सांगं त ती साक्ष व्हई जाई. याना आबाले इचार. त्याने मान हलाई त मी गासू.”

आबांना विचारायला न थांबता छापखान्यात येऊन मी ‘जाहीर खुलासा’ लिहिला. एका बैठकीत, एकही काट न मारता. जुळाऱ्याने त्याच दुपारी खिळे जुळवून छपाईचा फर्मा आवळला. मोतीशेठने वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, हे मी फुकट छापीन. पण छापण्याआधी गुलाबचं नाव वर टाकायचं होतं, म्हणून त्याला निरोप धाडला. तो दुसऱ्या दिवशी आला. खुलासा वाचताना त्याचे ओठ हलत होते. मग म्हणाला, छापू नका.

मी त्याच्यावर संतापलो. दोन पाड्यांवर समितीचं पत्रक पोचलं होतं आणि तिथल्या बाया त्याला विचारू लागल्या होत्या की तुझा आजा हात का झाकतो. त्याला उत्तर देता येत नव्हतं. उत्तर माझ्या फर्म्यात तयार होतं. मी म्हणालो, “तुझ्यावर फितुरीचा शिक्का बसला तर वेचणी सुरू होईल, आणि राखणदार पुन्हा बांधावर उभे राहतील. तुला कळतंय ना?”

“कळतंय. आबा म्हणतात, आम्ही सांगितलं की ते मेले. शंभर वर्षं आम्ही त्यांना मरू दिलं नाही.”

“आणि त्या बायांचं काय?”

गुलाब म्हणाला, मी आबांना एक गोष्ट विचारणार आहे. या वर्षी फडकं बांधू नका, एवढंच. पत्रकाचा सगळा डोलारा त्या फडक्यावर उभा आहे. म्हातारा मोकळ्या हाताने आला, चार लोकांना रामराम केला, की गुरुजींचं बोलणं तिथल्या तिथे हवेत जाईल. कोणाला काही सांगावं लागणार नाही. मला हे पटलं. माझ्या खुलाशापेक्षा ते चांगलं होतं. आम्ही फर्मा सोडला आणि जुळाऱ्याने खिळे पुन्हा आपापल्या खणांत टाकले.

गुलाबने आजोबांना विचारलं तेव्हा मी तिथे होतो. त्याने पाय धरले नाहीत की रडला नाही. खाटेशेजारी उकिडवा बसून म्हणाला, “आबा, औंदा फडकं नको बांधू. एकच वरीस. लोके मना संगे ऱ्हातीन.”

“हाऊ हात त्या दिन मना नही ऱ्हास, पोऱ्या.”

“मंग कोना ऱ्हास?”

“त्याना. मना ऱ्हाता त तुले आत्तेच दिना व्हता.”

जत्रेच्या दिवशी मंडप होता, लाउडस्पीकर होता. राखणदारही होते, बंदुका घरी ठेवून, नवे फेटे बांधून. पाड्यापाड्यांवरून माणसं आली होती. बरीचशी नाईकांच्या कुळाबाहेरची. त्यांनी तो बांधलेला हात लहानपणापासून पाहिला होता आणि कधी विचारलं नव्हतं. शिळेवरचं कापड निघालं. पाथरवटाने उत्तम काम केलं होतं. नाईक तलवार घेऊन समोर बघत उभे, आणि त्यांच्या पाठीमागे एक वाकलेला माणूस, उजव्या हातात कोयता. त्या माणसाचा चेहरा कोरलेला नव्हता. तो कोणाचाही असू शकत होता.

गुरुजी सौम्यपणे बोलले. त्यांनी घराण्याचं नाव घेतलं नाही, फडक्याची चाल मात्र सांगितली. मग अण्णासाहेब उठले. ते दोनच मिनिटं बोलले. ज्याच्या रक्तात फितुरी आहे तो आज तुम्हाला शेतात जाऊ नका म्हणतो, तुम्ही कोणाच्या मागे जाताय ते तुमचं तुम्ही बघा, एवढंच ते म्हणाले. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. पाहिलं ते लोकांनी.

जेमा आबा शिळेच्या डाव्या अंगाला, पळसाखाली उभे होते. दरवर्षी उभे राहत तिथेच. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या फडक्यात. त्यांच्या आसपास उभी असलेली माणसं सरकायला लागली. धक्काबुक्की नाही, शिवी नाही. एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, “चाल वं, आठे नको उभी राहू.” त्यांपैकी काही बायांसाठी गुलाब महिनाभर पाड्यापाड्यांवर फिरला होता. म्हाताऱ्याभोवती बघता बघता मोकळी जमीन झाली. गुलाब तेव्हा त्याच्यासोबत पाड्यांवर फिरणाऱ्या पोरांच्या घोळक्यात, मंडपाच्या खांबापाशी होता. ती पोरं त्याच्यापासून अजून हटली नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने म्हाताऱ्याकडे पाठ केली असती, किंवा नुसता तिथेच उभा राहिला असता, तरी त्यांनी त्याला सोडलं नसतं. हे मी आज सांगत नाही, मला तेव्हाही ते दिसत होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, हलू नको.

तो निघाला. मोकळ्या जमिनीतून चालत पळसाखाली गेला. डोक्याचं फडकं सोडलं, उजव्या हाताला गुंडाळलं, आणि एका हाताने गाठ बसेना म्हणून टोक दातांत धरून आवळलं. मग आजोबांच्या शेजारी, लोकांकडे तोंड करून उभा राहिला. आजोबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. फक्त अर्धं पाऊल सरकून त्याला जागा करून दिली.

पुढच्या बाजाराच्या दिवसानंतर वेचणी सुरू झाली. आधी दोन पाड्यांवरच्या बाया गेल्या, मग सगळ्या. राखणदार बांधावर उभे राहिले, आणि यावेळी त्यांना कोणाचीच भीती नव्हती. त्या हंगामात काय काय झालं याचं एक पत्रक मी लिहिलं होतं. ते गावात वाचून दाखवायला कोणी उरलं नव्हतं. गुलाब सुरतेकडे ऊस तोडायला निघून गेला.

गुरुजी एकदा छापखान्यात आले. पावती घ्यायची होती म्हणाले, पण पावती त्यांना आधीच मिळालेली होती. बाकावर बसून राहिले. शेवटी म्हणाले, “त्या मुलाने सगळ्यांदेखत हात बांधला. प्रायश्चित्त कोणी असं मागून घेत नाही. माझं काहीतरी चुकलंय. तुम्हाला माहीत असेल तर सांगा.” मला माहीत होतं. मी म्हणालो, गुलाबला विचारा. ते म्हणाले, तो सुरतेला जाण्याआधी विचारलं, तो म्हणतो नाईक डोंगरात आहेत. गुरुजी उठले, आणि त्यानंतर त्यांनी जालम नाईकांवर काहीही लिहिलं नाही. शिळा आहे तिथेच आहे.

जेमा आबा गेल्याला तीन पावसाळे झाले. पौषात गुलाब जिथे असेल तिथून येतो, हात बांधतो, पळसाखाली एकटा उभा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी निघून जातो. मागच्या जत्रेला मी त्याला भेटलो. मोतीशेठचा छापखाना मी सोडलाय, आता दिवाळी अंकात लिहितो, असं सांगितलं, आणि हे सगळं एकदा लिहू का, असं विचारलं. फडक्याची गाठ पुन्हा एकदा घट्ट करत तो म्हणाला, “लिहा. गावाचं नाव घालू नका. आणि ते मेले, असं तुमच्या शब्दांत लिहू नका.”

समिती काय म्हणाली, गुरुजी काय म्हणाले, मी तेव्हा आबांना काय विचारलं, गाण्यात काय आहे, ते मी वर लिहिलं. माझ्या शब्दांत जालम नाईक आपल्या माणसांना घेऊन घाटात वर चढले, एवढंच आहे. त्यापुढे मी लिहिलेलं नाही.